मावेल तेवढे पीठ, म्हणजे किती?

शिक्षणासाठी घर सोडून परगावी किंवा परदेशी गेलेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच एक गोष्ट उमजते. मेसचे जेवण रोज घशाखाली उतरत नाही आणि बाहेरचे खाणे खिशाला परवडत नाही. मग कोणी आईला फोन लावतो, कोणी मोबाइलवर शोधतो, तर कोणी कॉलेजच्या ग्रंथालयातून पाककृतींचे एखादे पुस्तक खोलीवर घेऊन येतो. पुस्तक जुन्या वळणाचे असेल तर त्यात मावेल तेवढे पीठ, बेताचे पाणी, अंदाजाने मीठ अशी भाषा असते. ज्याने जन्मात कधी कणीक भिजवलेली नाही, त्याला मावेल तेवढे म्हणजे किती हे कसे कळावे? आजीच्या हाताला ते कळते, कारण तिने ते पन्नास वर्षे केलेले असते. पुस्तक उघडणाऱ्याकडे नेमकी तीच पन्नास वर्षे नसतात.

हा पेच अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील एका बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी मनावर घेतला. त्यांचे नाव फॅनी मेरिट फार्मर. इंग्रजी पाकपुस्तकांत कप आणि चमचा यांना ठरावीक अर्थ आला, त्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. त्यांची दुसरी कामगिरी मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. आजारी माणसाने काय खावे आणि ते कसे रांधावे, हा विषय त्यांनी परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या अभ्यासात नेला. या दोन्ही कामांच्या मुळाशी त्यांचे स्वतःचे आजारपण होते.

फॅनी यांचा जन्म 23 मार्च 1857 रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील छापखान्याच्या धंद्यात होते. घरात चार मुली, त्यांत फॅनी थोरली. मुलींनी शिकावे असे मानणारे ते कुटुंब होते. त्या काळात मुलीला कॉलेजात घालणे ही काही रोजची गोष्ट नव्हती, पण फॅनीने पुढे शिकावे अशी आईवडिलांची इच्छा होती आणि तिलाही अभ्यासाची गोडी होती. बोस्टनला लागून असलेल्या मेडफर्डच्या हायस्कुलात ती शिकत होती. सोळाव्या वर्षी अचानक तिच्या अंगावरून वारे गेले. पक्षाघात, असे त्या वेळी निदान झाले. तो पोलिओ असावा, असे नंतरच्या काही चरित्रकारांना वाटते. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. मुलगी अंथरुणाला खिळली. कित्येक महिने नव्हे, काही वर्षे तिला धड चालता येत नव्हते. डॉक्टरांनी शाळा सोडायला सांगितले आणि कॉलेजचा विषय तिथेच संपला. पुढे ती हिंडूफिरू लागली, पण पाय लंगडा राहिला तो कायमचा.

तिची विशी अशी घरातच गेली. तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्ने झाली, काही शिक्षिका झाल्या. फॅनी स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली वावरू लागली. घरात पैशाची ओढ होती, म्हणून आईने जेवून-राहून असणारे भाडेकरू ठेवले होते. दूरगावच्या कोणी आपल्याकडे विद्यार्थी ठेवावेत, त्यातलाच प्रकार. त्या घरच्या जेवणाचे नाव झाले आणि त्यात थोरल्या मुलीचा हात मोठा होता. अंगात थोडे बळ आल्यावर तिने केंब्रिजमध्ये शॉ नावाच्या कुटुंबात घरकामात मदतनीस म्हणून नोकरी धरली. केंब्रिज म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाचे गाव. कॉलेजला जायचे राहून गेलेली मुलगी कॉलेजच्या गावात दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करत होती.

याच घरातली एक गोष्ट अनेकदा सांगितली जाते. शॉ यांच्या लहान मुलीला स्वयंपाक शिकवताना फॅनीने तिला अंड्याएवढे लोणी घ्यायला सांगितले. अंडे कोणते, लहान की मोठे, असे मुलीने विचारले. गोष्ट खरी असेल किंवा मागाहून रचलेली असेल, पण प्रश्न बरोबर आहे. त्या काळच्या पुस्तकांत लोणी अंड्याएवढे किंवा अक्रोडाएवढे घ्यायचे असे, मीठ चिमूटभर आणि पीठ मूठभर. मूठ कोणाची, हे पुस्तक सांगत नसे.

शॉ कुटुंबाच्या प्रोत्साहनामुळे फॅनी यांनी वयाच्या तिशीत बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घातले. ही शाळा 1879 मध्ये बोस्टनच्या महिला शिक्षण संघटनेने काढली होती. बायकांना स्वयंपाक शिकवून पोटापाण्याचे साधन मिळवून द्यावे, हा मूळ हेतू. पुढे तिथे स्वयंपाकाच्या शिक्षिका तयार होऊ लागल्या. हा काळ मोठा उत्साहाचा होता. बोस्टनमध्येच एलेन स्वॉलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाई घरातले पाणी, हवा आणि अन्न प्रयोगशाळेत तपासत होत्या. कनेक्टिकटमध्ये विल्बर अ‍ॅटवॉटर हे शास्त्रज्ञ कोणत्या पदार्थात प्रथिने किती, स्निग्धांश किती, पिष्ट किती याचे कोष्टक तयार करत होते. अन्नाचेही एक शास्त्र आहे आणि ते घरोघरी पोहोचले पाहिजे, असा विचार मूळ धरत होता. शाळेत फॅनी स्वयंपाकाबरोबर पोषण, स्वच्छता आणि आजाऱ्याचा आहार हे विषयही शिकल्या. 1889 मध्ये त्यांनी शिक्षण पुरे केले. शाळेने त्यांना लगेच साहाय्यक म्हणून ठेवून घेतले आणि काही वर्षांतच त्या मुख्याध्यापक झाल्या.

शाळेचे एक पाठ्यपुस्तक आधीपासून होते. मेरी लिंकन या पूर्वीच्या मुख्याध्यापिकेने ते 1884 मध्ये लिहिले होते. त्यात मापांचा विचार होता, वर्गांत शिकवण्याची शिस्तही होती. त्यामुळे मोजून स्वयंपाक करण्याची कल्पना फॅनी यांना आकाशातून सापडली, असे म्हणणे लिंकनबाईंवर अन्याय करणारे ठरेल. पाया त्यांचाच होता. फरक एवढाच, की लिंकनबाईंच्या पद्धतीत चमचा कधी सपाट असे, कधी थोडा फुगीर, कधी शीग लावलेला. फॅनी यांनी तो वाव काढून टाकला. चमचा म्हणजे सपाट चमचा, कप म्हणजे सपाट कप. पुस्तकात जिथे जिथे हे शब्द येतील, तिथे तिथे हाच अर्थ.

ही पद्धत ऐकायला सोपी वाटते, पण त्यांनी ती बारकाईने बांधली. अर्ध्या पिंटाचा कप घ्यायचा. तो आपल्या मापाने साधारण 240 मिलिलिटरचा होतो. त्यावर पाव, अर्धा, पाऊण आणि तिसऱ्या हिश्शाच्या खुणा हव्यात. पीठ आधी चाळून घ्यायचे. मग ते चमच्याने अलगद कपात घालायचे. कप थोडा शिगेला आला की सुरीची पाठ वरून फिरवून जादा पीठ खाली पाडायचे. कप हलवायचा नाही, आपटायचा नाही. चमच्याचेही तसेच. चमचा पदार्थात बुडवून भरून काढायचा आणि सुरीने सपाट करायचा. अर्धा चमचा हवा असेल तर त्याचे उभे दोन भाग करायचे, पाव हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग. मोहरीची पूड आणि बेकिंग पावडर डब्यात बसून दाबली जाते, म्हणून ती आधी ढवळून घ्यायची. मिठाचे खडे फोडायचे. तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा चमचा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप. दोन कप साखर म्हणजे एक पौंड, पण चार कप पीठ म्हणजे एक पौंड. हा शेवटचा हिशेब नवशिक्याला नेहमी चकवतो. आकारमान सारखे असले तरी वजन सारखे नसते, ही शाळेत शिकलेली घनता इथे कामाला येते.

चाळण्याचा आणि न आपटण्याचा एवढा आग्रह कशासाठी? पिठाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. अलगद भरलेल्या एका कपात साधारण 120 ते 125 ग्रॅम पीठ मावते. तोच कप पिठात खुपसून दाबून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे पाव हिश्शाचा फरक पडतो. आमटीत एवढे इकडेतिकडे झाले तर वरून पाणी घालून सावरता येते. केक किंवा पाव एकदा भट्टीत गेला की सावरायला जागा नसते. सोडा आम्लाशी संयोग पावून कर्बवायू सोडतो, त्याने पीठ फुगते. सोडा कमी पडला तर पदार्थ बसका होतो. जास्त झाला तर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो. पाश्चात्त्य स्वयंपाकात भाजलेल्या पदार्थांना मोठे स्थान आहे, त्यामुळे ही शिस्त तिथे आधी आली, यात नवल नाही.

सपाट चमचा हा शब्द आज स्वयंपाकघराबाहेरही कामाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, तोही पुरता भरलेला नाही, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे धरलेले आहे. जुलाब झालेल्या मुलाला घरच्या घरी जलसंजीवनी द्यायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. इथे सपाट हा शब्द गाळला आणि मीठ शीग लावून पडले, तर उपाय अपायकारक होऊ शकतो. मराठी घरांत 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप रुळवले. नव्या संसाराला आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत ते पुस्तक जाऊ लागले, त्यामागे हेच कारण होते. वाटी घरोघर वेगळी असते हे खरे, पण सगळे पदार्थ एकाच वाटीने मोजले तर प्रमाण बिघडत नाही.

फॅनी यांनी आपले पुस्तक लिहून 1895-96 च्या सुमारास बोस्टनच्या लिटल, ब्राउन अँड कंपनी या प्रकाशकांपुढे ठेवले. बाजारात पाकपुस्तके भरपूर होती. आणखी एक कोण घेणार, असे प्रकाशकांना वाटले. छपाईचा खर्च लेखिकेने सोसावा, या अटीवर त्यांनी 3,000 प्रती काढायचे मान्य केले. फॅनी यांनी खर्च उचलला आणि हक्क स्वतःकडे ठेवले. 1896 मध्ये द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक बाहेर पडले. व्यवहाराच्या दृष्टीने प्रकाशकांचा हा मोठाच चुकलेला हिशेब म्हणायला हवा. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. फॅनी यांच्या मृत्यूपर्यंत साडेतीन लाखांवर प्रती खपल्या होत्या. छापखानेवाल्याच्या मुलीला त्या पैशावर आयुष्यभर कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

पुस्तकात 1,800 हून अधिक कृती आहेत, पण त्याची सुरुवात कृतीने होत नाही. पहिले प्रकरण अन्न म्हणजे काय यावर आहे. मानवी शरीरात ऑक्सिजन साडेबासष्ट टक्के, कार्बन साडेएकवीस टक्के, मग हायड्रोजन, नायट्रोजन आणि उरलेल्यात चुना, स्फुरद, लोह वगैरे, असा हिशेब तिथे मांडलेला आहे. मग प्रथिने कशासाठी, स्निग्ध पदार्थ कशासाठी, पाणी कशासाठी, हे सांगितले आहे. पुढे दूध, अंडी, मासे, मांस अशा एकेका पदार्थाच्या आरंभी त्याचे रासायनिक घटक टक्केवारीने दिले आहेत. पुढच्या काळात आहारशास्त्राचे ज्ञान हा प्रत्येकाच्या शिक्षणाचा भाग होईल, माणसे जगण्यासाठी खातील आणि आजार कमी होतील, अशी आशा त्यांनी प्रस्तावनेत व्यक्त केली. केकच्या पुस्तकाला अशी प्रस्तावना ही त्या काळी नवलाईच होती.

आजच्या वाचकाने ते पुस्तक उघडले तर त्याला काही ठिकाणी थांबावे लागेल. भाज्या शिजवण्याच्या वेळा पाहून तर आहारतज्ज्ञ कपाळाला हात लावतील. कोबी तासाभरापर्यंत उकळायचा, शेंगा त्याहूनही जास्त. उकळलेले पाणी टाकून दिले की क जीवनसत्त्वातले बरेचसे त्यात गेलेच. पण जीवनसत्त्व हा शब्दच तेव्हा नव्हता. त्याचे मूळ इंग्रजी नाव 1912 मध्ये सुचवले गेले. फॅनी यांच्या काळच्या शास्त्राला प्रथिने, पिष्ट, स्निग्धांश आणि क्षार दिसत होते. हिरव्या पानात आणखी काही आहे, हे दिसत नव्हते. साखर, लोणी, साय यांचा हात सढळ होता, पांढऱ्या सॉसखाली जवळजवळ काहीही झाकले जाई. स्वतः फॅनी यांना गोडाची आवड होती आणि पुस्तकात ती लपत नाही. भट्टीचे तापमानही अंशांत दिलेले नाही, कारण कोळशाच्या आणि लाकडाच्या चुलीला तापमापक नसे. मंद, मध्यम, कडक एवढ्यावरच भागवावे लागे. चमच्याचा आठवा हिस्सा मोजणाऱ्या पुस्तकात उष्णता मात्र अंदाजाचीच राहिली.

आणखी एक मर्यादा त्यांच्या पद्धतीतच होती. युरोपातले स्वयंपाकी पीठ-साखर तराजूवर तोलत. तोलणे हे कपाने मापण्यापेक्षा केव्हाही अचूक. फॅनी यांनी मात्र कप निवडला. साध्या घरात तराजू असेलच असे नाही, कप आणि चमचा मात्र सापडतोच. अचूकपणाचा थोडा बळी देऊन त्यांनी ती गोष्ट सर्वांच्या आवाक्यात आणली. आज स्वस्त इलेक्ट्रॉनिक वजनकाटे मिळतात, तरी अमेरिकेतले स्वयंपाकघर अजून कपावरच चालते. ही सवय लागण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

नव्या चवीची त्यांना अतोनात हौस होती. मोठ्या हॉटेलात जेवायला गेल्या की एखाद्या सॉसमध्ये काय काय पडले आहे याचा जिभेवर शोध चाले. ओळख पटली नाही तर व्हिजिटिंग कार्डावर त्याचा थेंब घेऊन त्या घरी तपासायला नेत, असेही सांगतात. पुस्तकाच्या आवृत्त्या त्या सतत सुधारत राहिल्या. 1896 च्या आवृत्तीत ब्राउनी नावाचा पदार्थ आहे, पण त्यात चॉकलेट नाही, काकवी आहे. 1906 च्या आवृत्तीत ती चॉकलेटची झाली.

1902 मध्ये फॅनी यांनी बोस्टन कुकिंग स्कूल सोडले. त्याच वर्षी ही जुनी शाळा बोस्टनच्या नव्या सिमन्स या महिला महाविद्यालयात विलीन झाली. फॅनी यांनी मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी ही स्वतःची शाळा काढली. शिक्षिका घडवण्यापेक्षा घरी रांधणाऱ्या बायकांना शिकवण्यावर तिचा भर होता. त्यांची प्रात्यक्षिके पाहायला हॉल भरत आणि बोस्टनच्या वर्तमानपत्रात त्यांचा वृत्तान्त येई. गृहिणी येत, घरोघर स्वयंपाक करणाऱ्या बायका येत. त्यांचा खरा जीव मात्र परिचारिकांच्या वर्गात होता.

त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सोळाव्या वर्षापासून कित्येक वर्षे आजाऱ्याचे ताट त्यांच्यापुढे येत होते. गिळवत नाही असे पातळ, बेचव, निवलेले अन्न अंथरुणात बसून खाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रुग्णालयातल्या परिचारिकेला औषधाचे थेंब मोजता येत, पण पेज किंवा सूप किती दाट असावे, अंडे किती वेळ शिजवले तर पचायला हलके, भूक मेलेल्या माणसापुढे एका वेळी किती वाढावे, हे कोणी सांगत नसे. फॅनी परिचारिकांना ते शिकवू लागल्या. रुग्णाच्या ताटात थोडेच वाढा, ते गरम असेल तर गरमच द्या, ताट स्वच्छ आणि देखणे असू द्या, असा त्यांचा कटाक्ष होता. ताटात ढीग पाहिला की आजाऱ्याची उरलीसुरली वासनाही जाते, हे घरात म्हातारे माणूस सांभाळलेल्या कोणालाही पटेल.

1904 मध्ये त्यांनी आजारी आणि आजारातून उठलेल्या माणसांच्या आहारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. केक आणि सॅलडच्या पुस्तकाने पैसा आणि नाव दिले, तरी आपले महत्त्वाचे काम हे दुसरे, असे त्या मानत. त्यात पचनाची माहिती आहे, लहान मुलांचा आहार आहे, निरनिराळ्या आजारांतले पथ्य आहे आणि सगळ्या कृतींना सपाट चमच्याची माप-शिस्त आहे. मधुमेहावर वेगळे प्रकरण आहे, आणि आजच्या वाचकाने थांबून वाचावे असे ते आहे.

इन्सुलिन सापडले 1921 मध्ये आणि पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले जानेवारी 1922 मध्ये. फॅनी यांचे पुस्तक त्याच्या सतरा-अठरा वर्षे आधीचे. त्या काळी लहान वयात मधुमेह झाला तर मूल फार दिवस काढत नसे. मोठ्या वयात झालेल्यांना साखर आणि पिष्ट तोडणे एवढाच इलाज होता. पाव, बटाटा, भात, गोड सगळे बंद. डॉक्टर ही यादी देऊन मोकळे होत. मग खायचे काय, हा प्रश्न घरच्या बाईपुढे उरे. मांस, अंडी, साय, हिरव्या भाज्या आणि पिष्ट काढून टाकलेल्या पिठाचा पाव यांतून रोजच्या जेवणाचे पदार्थ कसे करायचे, हे फॅनी यांनी मापासकट लिहून दिले. इन्सुलिन आल्यावर पथ्याचे नियम बदलले, त्यामुळे त्यातले पुष्कळ आता जुने झाले आहे. रुग्णाने किती खाल्ले हे मोजता आले पाहिजे, हा आग्रह मात्र मधुमेहाच्या उपचारात आजही पहिल्या ओळीत आहे. आज मधुमेही माणसाला वाटीने भात मोजायला सांगतात तेव्हा वेगळे काही सांगत नाहीत. बोस्टनमध्येच काम करणारे आणि पुढे मधुमेहाचे मोठे तज्ज्ञ म्हणून ओळखले गेलेले डॉ. इलियट जोस्लिन यांनीही फॅनी यांच्या या कामाचे ऋण मान्य केले.

हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाहारावर बोलण्यासाठी फॅनी यांना बोलावणे आले. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली बाई तिथे शिकवायला उभी राहिली, ज्या गावात तिने एके काळी घरकाम केले होते त्याच गावच्या विद्यापीठाच्या वर्गात. समोर सगळे पुरुष. त्या महाविद्यालयाने विद्यार्थिनींना पहिला प्रवेश दिला तो थेट 1945 मध्ये. म्हणजे फॅनी यांना तिथे शिकवता येत होते, शिकता आले नसते.

धाकटी बहीण कोरा हिच्या मदतीने त्या एका महिला मासिकात जवळजवळ दहा वर्षे सदर लिहीत होत्या. एकीकडे शाळा, दुसरीकडे व्याख्यानांचे दौरे. पन्नाशीला आल्यावर शरीराने पुन्हा दगा दिला. पक्षाघाताचे झटके येऊ लागले आणि अखेरची सात वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली. शाळेत प्रात्यक्षिक असले की खुर्ची व्यासपीठावर आणली जाई. हाताखालच्या मुली ढवळत, चाळत, सपाट करत, आणि फॅनी खुर्चीतून बोलत. शेवटचे व्याख्यान त्यांनी मृत्यूच्या अवघ्या दहा दिवस आधी दिले. 15 जानेवारी 1915 रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले. वय 57. लग्न त्यांनी केले नव्हते. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्यांचे स्मारक आहे.

त्यांची शाळा पुढे अ‍ॅलिस ब्रॅडली यांनी 1944 पर्यंत चालवली. पुस्तक तर घरातच राहिले. आधी बहीण कोरा आणि नंतर कोराची सून विल्मा लॉर्ड पर्किन्स यांनी ते काळाप्रमाणे सुधारले, भाज्यांच्या वेळा कमी झाल्या, भट्टीचे अंश आले. 1979 मध्ये मॅरियन कनिंगहॅम यांनी त्याची नवी मांडणी केली. तोवर लोक त्याला नुसते फॅनी फार्मर म्हणू लागले होते. पुस्तकाच्या मूळ नावातली शाळा विस्मरणात गेली आणि लेखिकेचे नाव हेच पुस्तकाचे नाव झाले. 1896 च्या मूळ आवृत्तीवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. ती कोणत्याही विद्यार्थ्याला मोबाइलवर फुकट वाचता येते, भाज्यांचा वेळ तेवढा स्वतःच्या अकलेने कमी करावा.

पाकपुस्तकांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा मिळायला मात्र बराच वेळ लागला. ही पुस्तके डागाळलेली, पानांना लोणी लागलेली, बायकांच्या कामाची, म्हणून विद्वानांच्या नजरेत ती बसत नव्हती. 1961 मध्ये हार्वर्डच्या मुख्य ग्रंथालयाने आपल्याकडची सुमारे 1,500 पाकपुस्तके स्त्रियांच्या इतिहासाला वाहिलेल्या श्लेसिंगर ग्रंथालयाकडे सोपवली. आज तो अमेरिकेतल्या अन्नविषयक पुस्तकांच्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे, आणि अन्नाच्या, स्त्रियांच्या, आरोग्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारी मुलेमुली तिथे येऊन बसतात. फॅनी यांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या त्यांना तिथे मागवता येतात. ग्रंथालय केंब्रिजमध्येच आहे.